सायकलच्या टायरची कुळकथा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, दौलताबादच्या रस्त्याने निघालात तर सायकलस्वारांचे घोळके हमखास भेटतील. देवगिरीच्या तटबंदीतल्या दरवाजातून ते पुढे जातात, घाट चढतात, खुलताबादला चहा घेतात आणि ज्यांच्या पायात बळ उरले आहे ते म्हैसमाळपर्यंत पोहोचतात. त्यात महाविद्यालयातली मुले असतात, वाळूजच्या कारखान्यांतले कामगार असतात, डॉक्टर असतात आणि साठी ओलांडलेले आमच्यासारखे हौशी लोकही असतात. बहुतेकांच्या सायकली जाड टायरच्या, डोंगरवाटांसाठी बनवलेल्या, म्हणजे ज्यांना आता सर्वजण ‘माउंटन बाइक’ म्हणतात त्या.

या मंडळींना सायकलविषयी विचारा. गिअर किती, ब्रेक डिस्कचा की साधा, सांगाडा लोखंडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, सगळे तोंडपाठ असते. टायर कोणता आहे, असे विचारले की मात्र खाली वाकून बघावे लागते. दुकानातही तेच. टायर बघितलाच तर त्याच्यावरची नक्षी बघितली जाते. मोठमोठ्या गोट्या असलेला, ज्याला आपल्याकडे ‘बटण टायर’ म्हणतात तो दिसला, की गिऱ्हाईक खूश.

आता एक साधा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन धरा. टायरमध्ये तीस पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब. नव्वदला दोनने भागले की पंचेचाळीस चौरस सेंटिमीटर आले. दोन चाकांत वाटले तर एका चाकाच्या वाट्याला बावीस-तेवीस. म्हणजे आपल्या घरातल्या काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी जागा. घाटाच्या वळणावर वेगाने उतरताना वळणे, थांबणे, तोल सांभाळणे, हे सारे या दोन काडेपेट्यांवर अवलंबून असते. त्या जागेत नेमके काय आहे आणि ते तिथे कसे आले, याचा इतिहास आज थोडक्यात पाहायचा आहे. तो कळला की टायर निवडणे फारसे अवघड राहत नाही.

धाव आणि चाकोरी

मराठीत टायरला एक जुना, देखणा शब्द आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला ‘धाव’ म्हणतात. ज्यांनी खेड्यात धाव चढवताना पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढून ते दृश्य हलणार नाही. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत घागरी ओतायच्या. लोखंड आकसते आणि आरे, तुंबा, चाकाचा घेर असे सगळे घट्ट आवळून धरते.

धावेची कामे दोन. चाक एकत्र धरायचे आणि झीज सोसायची. जमिनीला पकडणे हे तिचे काम नव्हतेच. गाडी बैल ओढतात, चाक नुसते फिरते. पकड लागते ती बैलांच्या खुरांना. म्हणून धाव गुळगुळीत असली तरी बिघडत नसे. ती रस्त्यात रुतायची, त्याच जागी पुन्हा पुन्हा जायची, आणि त्यातून पडायची ती चाकोरी. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्याच्यामागे लोखंडी धाव आहे हे आपल्या ध्यानात नसते.

सायकल आली आणि हे गणित उलटले. इथे बैल नाही. मागच्या चाकानेच जमिनीला ढकलायचे, पुढच्याने दिशा धरायची आणि दोन्ही चाकांनी थांबायचे. चाकाने जमीन धरली पाहिजे, ही गरज पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली. युरोपात १८६०च्या दशकातल्या सायकलींना गाडीसारखीच लोखंडी धाव असे. दगडी रस्त्यावर त्या इतक्या हादरत की इंग्रजांनी त्यांना ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव ठेवले. पुढे भरीव रबराची पट्टी आली. हादरे थोडे कमी झाले, पण खरा बदल झाला तो चाकात हवा भरल्यावर.

कापड आधी, रबर नंतर

हवेच्या टायरचा शोध डनलपचा, असे शाळेत शिकलो. तो खरे तर दुसरा शोध. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना. घोडागाडीवर प्रयोगही झाले. पण सायकल अजून यायची होती, मोटार त्याहून दूर. म्हणून तो विसरला गेला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉईड डनलप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. पुढच्याच वर्षी, १८८९ साली, विली ह्यूम नावाच्या स्वाराने हवेच्या टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि आधी त्या जाडजूड टायरला हसणारे लोक गप्प झाले.

डनलपचा टायर चाकाला चिकटवून टाकलेला असे. पंक्चर झाले की दिवस गेला. १८९१ साली फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेरों याने तो लावून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत जिंकली. आज कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन पट्ट्या अडकवून क्षणात टायर उतरवतो, त्याची सुरुवात तिथली.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हवा धरते ट्यूब. पण ती ट्यूब फुगून फुटू नये म्हणून तिला आवळून धरते ते कापड. टायरचा खरा सांगाडा म्हणजे हे कापड. त्यालाच ‘केसिंग’ म्हणतात. रबर त्याच्यावर नंतर चढते. टायर फार झिजला की आपण म्हणतो ‘धागे निघाले’, आणि आतले धागे तुटले की ‘टायरला फुगा आला’. ते धागे म्हणजे हेच केसिंग.

सुरुवातीला साधे विणलेले किंतान वापरत. विणीत उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरखालून जातात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायर दबतो आणि सुटतो, तसे हे धागे एकमेकांना करवतीसारखे घासतात. टायर तापतो, जड चालतो आणि लवकर मरतो. १८९०च्या दशकात जॉन पामर नावाच्या अमेरिकन माणसाने यावर उपाय काढला. धागे विणायचेच नाहीत. एका दिशेने शेजारी शेजारी अंथरायचे, मध्ये रबराचा थर, वर दुसऱ्या तिरप्या दिशेने दुसरा थर. धागा धाग्याला घासणे थांबले आणि टायर लवचीक झाला. त्याने हे आधी सायकलसाठी केले. मोटारीने ते नंतर उचलले.

आजही चांगल्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘टीपीआय’ असा आकडा असतो. एका इंचात किती धागे, याचे ते माप. तिसाच्या आसपास आकडा असेल तर धागे जाड, टायर दणकट पण ताठ. साठ म्हणजे मधला. एकशेवीस म्हणजे बारीक धागे, हलका आणि मऊसूत टायर, जो दगडावरून जाताना दगडाचा आकार घेतो. मात्र काही कंपन्या सगळ्या थरांची बेरीज करून आकडा फुगवतात, म्हणून केवळ आकड्यावर भरवसा ठेवू नये. टायर हातात घेऊन बाजू चिमटीत दाबून पाहावी. बोटांना जे कळते ते आकड्यापेक्षा खरे.

काजळीची करामत

आता रबर. झाडाचा चीक वाळवला की जे रबर मिळते ते उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला, गंधक मिसळून तापवले तर ते दोन्ही ऋतूंत टिकते, हे सापडले. १८४४ साली त्याला पेटंट मिळाले, पण कोर्टकचेऱ्यांत आयुष्य गेले आणि १८६० साली तो कर्जात मेला. त्याच्या नावाची प्रसिद्ध कंपनी १८९८ साली दुसऱ्याच लोकांनी काढली. त्याच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

झाड मूळचे ब्राझीलचे. हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ साली तिथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातली जी थोडी रोपे उगवली त्यांतली बरीचशी श्रीलंकेत आली आणि तिथून पूर्वेकडच्या मळ्यांचा जन्म झाला. आपल्याकडे केरळात विसाव्या शतकाच्या आरंभी रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. आपल्या सायकलच्या टायरमधले रबर बहुधा त्याच वंशातले.

जुन्या फोटोंतले टायर पांढरट का दिसतात, हा प्रश्न कधी पडला आहे? कारण ते खरेच पांढरट होते. रबरात झिंक ऑक्साइडसारखी भुकटी घालत. १९०४च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या कारखान्यात असे दिसले की बारीक काजळी घातली तर रबर कितीतरी पटीने चिवट होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळे टायर काळे झाले. म्हणजे टायरचा काळा रंग शोभेचा नाही, तो आयुष्य वाढवणाऱ्या काजळीचा आहे. १९९२ साली मिशेलिनने काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूचेच एक बारीक रूप, घालून मोटारीचे टायर काढले. ओल्या रस्त्यावर पकड चांगली आणि ओढ कमी, असा त्याचा फायदा. सायकलच्या टायरातही ते आले.

या मिश्रणाला ‘कंपाउंड’ म्हणतात. त्याचा कडकपणा मोजायचे एक माप आहे. ते साठच्या वर असेल तर रबर कडक. टिकते खूप, पण ओल्या दगडावर घसरते. चाळीसच्या आसपास असेल तर मऊ. दगडाला चिकटते, दाबले की सावकाश पूर्वपदावर येते, पण लवकर झिजते आणि चढावर पाय थकवते. टिकणे आणि चिकटणे यांचे हे जुनेच भांडण आहे. त्यावर तोडगा म्हणून आता एकाच टायरमध्ये मधली पट्टी कडक आणि कडेच्या गोट्या मऊ रबराच्या, असेही करतात. सरळ चालताना मधली झिजत नाही आणि वळताना कडेची पकडते.

नक्षी सर्वांत शेवटी

गंमत अशी की ज्या नक्षीकडे बघून आपण टायर घेतो, ती इतिहासात सर्वांत उशिरा आली. सुरुवातीचे हवेचे टायर गुळगुळीतच होते. १९०४ साली जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने मोटारीसाठी नक्षीचा टायर काढला. १९०८ साली अमेरिकेच्या फायरस्टोनने तर ‘न घसरणारा’ या अर्थाची इंग्रजी अक्षरेच तिरपी करून टायरवर उठवली. अक्षरे हीच नक्षी. ओल्या मातीवर त्या टायरने आपली जाहिरात उमटवत जायचे.

नक्षीचा खरा अभ्यास झाला तो शेतात. १९३०च्या आरंभापर्यंत ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. १९३२च्या सुमारास फायरस्टोनने ट्रॅक्टरसाठी हवेचे टायर आणले आणि मग मातीत रुतणारी, पण माती सोडणारी नक्षी कशी असावी यावर डोके चालू लागले. इथे आपल्या शहराचा संबंध येतो. वाळूजला बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या, म्हणजे ‘बीकेटी’च्या कारखान्यात शेती, खाणी आणि बांधकामाच्या यंत्रांचे टायर बनतात आणि देशोदेशी जातात. त्याच परिसरात सिएट आणि गुडइयर यांच्या भागीदारीतून १९९०च्या दशकात टायरचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तो गुडइयरकडे गेला. १९८५ साली बजाजची दुचाकी वाळूजला बनू लागल्यापासून या शहराची कामगार वस्ती चाकांवरच वाढली, असे म्हटले तरी चालेल.

ट्रॅक्टरचा मागचा टायर नीट पाहा. तिरप्या जाड पट्ट्या, बाणाच्या टोकासारख्या एकमेकींकडे झुकलेल्या, आणि मध्ये मोकळी जागा. कोरडवाहू शेतासाठी पट्ट्यांची उंची बेताची. भाताच्या चिखलासाठी त्याच पट्ट्या खूप उंच. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी पट्ट्यांऐवजी जवळजवळ बसवलेल्या ठोकळ्या. म्हणजे नक्षी जमीन पाहून ठरते. पट्टी जमिनीत शिरली तरच ती पकडते. जमिनीत शिरता येत नसेल तर पट्टीचा उपयोग नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर सायकलच्या टायरचे निम्मे कोडे सुटते.

उतारावरची शर्यत

डोंगरी सायकलचा टायर कारखान्यात नव्हे, हौशी पोरांच्या हाती जन्मला. १९३३ साली अमेरिकेत श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी सव्वादोन इंचांच्या आतबाहेरचे गुबगुबीत ‘बलून’ टायर आणले होते. चाळीस वर्षांनी त्या जुन्या, जड सायकली भंगारात मिळू लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपाय डोंगरावर काही तरुण त्या दुरुस्त करून मातीच्या वाटांवरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. पायडल उलटे फिरवून लागणारे ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक शर्यतीनंतर नवे भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले.

त्या पोरांना पहिल्यांदा जे कळले ते हे की रुंद टायर, कमी हवा आणि गोट्यांची नक्षी असेल तर चाक सुट्या मातीतही वाट धरते. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही त्यातलीच नावे. पण त्यांचे टायर फार जड होते. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने डोंगरी सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली तोवर हलके केसिंग आणि गोट्यांची नक्षी यांची सांगड बसू लागली होती. १९९०च्या आसपास जपानच्या पॅनारेसर कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकाला वेगवेगळ्या नक्षीचे टायर लोकप्रिय केले. पुढच्याचे काम दिशा धरणे, म्हणून त्याच्या गोट्या बाणासारख्या; मागच्याचे काम ढकलणे, म्हणून त्याच्या गोट्या वल्ह्यासारख्या आडव्या. आणि १९९९च्या सुमारास ट्यूब नसलेला टायर सायकलला आला, ज्यात हवा कमी ठेवली तरी ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भीती राहिली नाही.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे १९९०च्या दशकात ‘रेंजर’सारख्या जाड टायरच्या सायकली आल्या आणि वडिलांची काळी, अठ्ठावीस इंची सायकल मुलांना एकदम जुनाट वाटू लागली. पण आली ती मुख्यतः नक्षी. केसिंग जाड आणि ताठ, रबर कडक, आणि वर गोट्या भरपूर. चालवायची डांबरी रस्त्यावर. मला स्वतःला हा फरक फार उशिरा कळला.

काही वर्षांपूर्वी मी हौसेने असेच मोठ्या गोट्यांचे स्वस्त टायर घालून घेतले. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. खुलताबादहून घाट उतरत होतो. महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल पहिल्या पावसात रस्त्यावर साबणासारखे पसरते. वळणावर सायकल झुकवली आणि पुढचे चाक खालून निघून गेले. मनगट मोडले. मागून एसटी येत होती. चालकाने वेळीच गाडी थांबवली म्हणून आज बोलतो आहे.

प्लास्टर निघाल्यावर सायकल घेऊन आमच्या भागातल्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी गोटीवर नख दाबले. नख उमटेना. मग टायरची बाजू वाकवून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, हा पावसात चिखलात चालेल. डांबरावर हा नुसता गोट्यांवर उभा राहतो. आणि रबर तर लाकूड आहे.” चाचा शाळेत फार शिकलेले नाहीत, पण ट्रॅक्टरच्या टायरवर अभियंत्यांनी जे शोधले तेच ते सांगत होते. डांबरात गोटी शिरत नाही. मग काडेपेटीएवढ्या जागेतली निम्मी जागा गोट्यांमधली पोकळी होते, आणि उरलेल्या निम्म्या जागेत कडक रबर. मी घसरलो नसतो तरच नवल.

गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगून घसरतो, हा समज मोटारीवरून आलेला आहे. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो पाणी सहज बाजूला सारतो. डांबरावर सायकलला नक्षी लागते ती अगदी थोडी. लागते ते मऊ रबर. मात्र ‘गोटा’ झालेला, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला टायर वेगळा. त्याच्या खाली केसिंगचे धागेच उरलेले असतात.

इथली माती काय मागते?

आपल्या परिसरात जमीन चार प्रकारची भेटते. पहिली डांबरी. शहरातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर तीच असते. दुसरी मुरूम आणि खडी, सुलिभंजनच्या किंवा म्हैसमाळच्या आडवाटांवर. तिसरी काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात फुगून अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. चौथी म्हणजे उघडा कातळ, ज्यात वेरूळची लेणी कोरली तोच बेसाल्ट. कोरडा असताना तो खरखरीत आणि चाकाला धरणारा. ओला आणि शेवाळलेला असताना कोणाचाच नाही.

जो बहुतेक वेळ डांबरावर आणि थोडा मुरमावर चालवतो, आणि आपल्यापैकी दहातले आठ असेच, त्याने मधोमध जवळजवळ बसवलेल्या बुटक्या गोट्या आणि कडेला जरा उंच, सुट्या गोट्या असा टायर घ्यावा. सरळ रस्त्यावर तो अडत नाही आणि मुरमावर वळताना कडेच्या गोट्या पकडतात. पुढे जरा रुंद आणि मऊ रबराचा, मागे थोडा कमी नक्षीचा आणि टिकाऊ रबराचा ठेवला तर उत्तम. कारण मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते. पुढचे घसरले तर माणूस पडतो, हे मी मनगट मोडून शिकलो. काळ्या मातीसाठी उंच आणि विरळ गोट्या लागतात, म्हणजे फिरताना चिखल झडतो. पण खरे सांगायचे तर ऐन पावसात काळ्या रानात सायकल न्यायचीच नाही; शेतकऱ्याची वाटही खराब होते.

केसिंगच्या बाबतीत आपल्याकडे निर्णय कापडाचा नसतो, काट्याचा असतो. बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचे वाळलेले फळ असे बनलेले असते की कसेही पडले तरी एक काटा वर. या काट्यांचाही इतिहास आहे. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात लावली गेली आणि पसरली. सराटा जुन्या जगातला. तो इथून तिकडे गेला आणि कॅलिफोर्नियासह पश्चिम अमेरिकेच्या सायकलस्वारांच्या जिवाला घोर लावून बसला. काट्यांची अशी देवाणघेवाण झाली आणि दोन्हीकडचे पंक्चरवाले धन्य झाले. यामुळेच इथे एकशेवीस धाग्यांचा नाजूक टायर शोभेला बरा. साठच्या आसपासचे धागे आणि आत काटे अडवणारी पट्टी असलेला टायर इथे अधिक सुखाचा. ज्यांना परवडते त्यांनी ट्यूब नसलेला टायर घेऊन आत चीक भरावा. काटा घुसला की तो चीक भोकात जाऊन गोठतो. रबराच्या झाडाला जखम झाली की ते जे करते, तेच इथे टायर करतो.

आणि हवा. चांगला टायर घेऊन त्यात दगडासारखी हवा ठासली तर सगळा खर्च वाया. केसिंगला दबायला वाव मिळाला पाहिजे, तरच ती काडेपेटीएवढी जागा मोठी होते. डांबरावर थोडी जास्त, मुरमावर थोडी कमी. पण इतकीही कमी नको की दगडावर रिम आपटेल.

टायर विकत घेताना आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे त्याचे वय. आपल्याकडच्या उन्हात दुकानाबाहेर टांगलेले टायर वर्षा-दोन वर्षांत कडक होतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर मेलेले असते. बाजू वाकवली की बारीक भेगा दिसतात. घरची सायकलही गच्चीवर उन्हात ठेवू नये.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात तर इतिहासाच्या क्रमानेच टायर तपासा. आधी बाजू चिमटीत धरून कापड, मग नख दाबून रबर, आणि सर्वांत शेवटी नक्षी. मुलासाठी सायकल घेत असाल तर हे आवर्जून करा. तो मोठ्या गोट्यांचाच हट्ट धरील. धरू द्या, पण पहिला पाऊस पडायच्या आत घाटाच्या पायथ्याशी नेऊन त्याला एकदा सायकलवरून उतरवा आणि टायरचा जमिनीला टेकलेला तो तुकडा बोटाने दाखवा. मी चाचांनी सुचवलेले टायर घातले आहेत. दिसायला साधे आहेत. त्यानंतर तीन पावसाळे त्याच घाटातून खाली आलो आहे.